अणुवीज केंद्राचे महिन्याचे आकडे: शून्य म्हणजे नापास का?

रानजाई
नमस्कार. मी डहाणू तालुक्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. तारापूरचं अणुवीज केंद्र आमच्या शेजारचंच. माझ्या वर्गातली दोन मुलं पोफरण आणि अक्करपट्टीच्या घरांतली आहेत. ही गावं 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी उठली. त्यामुळे हा विषय आमच्याकडे पुस्तकातला राहत नाही.

या वर्षी मुलांना आलेख काढायला द्यायचा म्हणून मी देशातल्या अणुवीज केंद्रांचे महिन्याचे आकडे काढले. प्रत्येक युनिटपुढे तीन रकाने आहेत: वीजनिर्मिती मिलियन युनिटमध्ये, कपॅसिटी फॅक्टर आणि अव्हेलेबिलिटी फॅक्टर. एखाद्या महिन्यात कपॅसिटी फॅक्टर 100 च्याही थोडा वर, तर एखाद्या महिन्यात सरळ शून्य. एका मुलीने विचारलं, "बाई, शून्य म्हणजे नापास ना?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. दुसऱ्याने विचारलं, "शेजारी एवढी वीज होते, मग आपल्याकडचे दिवे का जातात?" तिथेही मी अडखळले.

दोन टक्केवाऱ्या वेगळ्या का ठेवतात, आणि 100 च्या वर आकडा जातो कसा? कोणी नीट समजावून सांगेल का? मुलांना खोटं काही सांगायचं नाही मला.

टेकडीवरचा
आधी सूत्र सांगतो. तारापूर 3 किंवा 4 चं एक युनिट 540 मेगावॅटचं. 30 दिवसांच्या महिन्यात 720 तास. 540 गुणिले 720 म्हणजे 3,88,800 मेगावॅट-तास, म्हणजेच 388.8 मिलियन युनिट. घरच्या बिलावरच्या भाषेत 38 कोटी 88 लाख युनिट. प्रत्यक्षात झालेल्या निर्मितीला याने भागा आणि 100 ने गुणा, कपॅसिटी फॅक्टर मिळाला. अव्हेलेबिलिटीमध्ये निर्मितीचा संबंध नाही. 720 पैकी किती तास युनिट चालू होतं किंवा चालवण्याजोगं होतं, एवढंच. मुलांना 28 आणि 31 दिवसांचे महिने आठवणीने वेगळे धरायला सांगा, तिथे हमखास चूक होते.

जुना_पाळीवाला
ताई, मी अशाच एका केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये आयुष्यभर पाळ्या केल्या. कुठल्या ते लिहीत नाही, पण समुद्राकाठचं होतं. सूत्र वर आलंच आहे. त्या आकड्यांच्या आत काय असतं ते सांगतो, कारण तुमच्या मुलीचा प्रश्न फार खरा आहे.

ऑगस्टमधली एक रात्र. समुद्र खवळलेला होता. कंडेन्सरला, म्हणजे टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भांड्याला, थंड पाणी ज्या तोंडातून येतं तिथे ट्रॅव्हलिंग स्क्रीन असतात, म्हणजे फिरत्या जाळ्या. त्यांवर शेवाळ आणि जेलीफिश एकदम येऊन बसले. पाणी कमी पडलं, कंडेन्सरचा व्हॅक्यूम, म्हणजे आतली निर्वात पोकळी, उतरायला लागला. आम्ही लोड, म्हणजे वीजनिर्मिती, उतरवत होतो, पण व्हॅक्यूम त्याहून वेगाने उतरला. टर्बाइन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, आणि तिच्या पाठोपाठ रिअॅक्टर ट्रिप. रात्री दोन वाजून गेले होते.

मुलांना पुढचं समजलं तर बरंच काही समजेल. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्टीत ट्रिपनंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासाची सवड असते. तेवढ्यात पुन्हा चालू केली तर केली, नाहीतर झेनॉन आडवा येतो. विखंडनातून आयोडीन-135 तयार होतं, त्याचं पुढे झेनॉन-135 होतं, आणि हे झेनॉन भट्टी चालवणारे न्यूट्रॉन गिळतं, गिळताना स्वतः संपतं. वर्गात विहिरीचं उदाहरण द्या. झरा म्हणजे आयोडीन, विहिरीतलं पाणी म्हणजे झेनॉन आणि उपसणारा पंप म्हणजे न्यूट्रॉन. भट्टी चालू असते तेव्हा झरा आणि उपसा बरोबरीत असतात. भट्टी बंद झाली की पंप बंद पडतो, पण झरा चालूच राहतो. विहीर भरत जाते. दहा-अकरा तासांनी पाणी सर्वांत वर येतं आणि मग आपलं आपण ओसरतं, कारण झेनॉनचं अर्धआयुष्य 9 तासांच्या आसपास आहे. तोपर्यंत भट्टी उठत नाही. एकूण दीड दिवस जातो.

त्या रात्री कारण तर दिसत होतं, पण स्क्रीन मोकळ्या झाल्याशिवाय पुन्हा चालू करायचा प्रश्नच नव्हता. खाली माणसं बादल्या भरभरून जेलीफिश काढत होती, हातमोज्यांच्या वरून दंडाला खाज सुटून गांधी उठल्या होत्या. वर आमचे शिफ्ट चार्ज इंजिनिअर घड्याळाकडे बघत उभे होते. 40 मिनिटं झाली, तेव्हा त्यांनी लॉगबुकात वेळ लिहिली आणि शांतपणे म्हणाले, "पॉइझन आउट. चहा सांगा सगळ्यांना." म्हणजे सवड संपली, आता झेनॉन ओसरेपर्यंत थांबायचं. घाई करा असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो तो त्या 40 मिनिटांसाठी.

आता गणित करा. 720 तासांतले 36 तास म्हणजे बरोबर 5 टक्के. 540 चं युनिट असेल तर 1 कोटी 94 लाख 40 हजार युनिट वीज गेली. महिनाअखेरीला रात्री बारा वाजता मीटरचं रीडिंग घेतात आणि कागदावर फक्त 94-95 असा आकडा येतो. त्यात समुद्र दिसत नाही, बादल्याही दिसत नाहीत.

रानजाई
सर, विहिरीचं उदाहरण मी उद्याच वापरणार आहे, आमच्याकडे प्रत्येक मुलाने विहीर भरताना पाहिली आहे. पण शून्याचं राहिलं. आणि अव्हेलेबिलिटी 100 असताना कपॅसिटी कमी, असंही काही महिन्यांत दिसतं. चालू असून कमी का चालवायचं?

जुना_पाळीवाला
दुसरं आधी घेतो, कारण त्याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. 2008 च्या आसपास आपल्याकडे युरेनियमची टंचाई होती. खाणीतून येणारं पुरत नव्हतं आणि बाहेरून मिळत नव्हतं. युनिटं धडधाकट होती, पण इंधन पुरवून पुरवून वापरायचं म्हणून कमी लोडवर चालवली. 2008-09 मध्ये देशभराचा कपॅसिटी फॅक्टर जवळपास निम्म्यावर होता आणि त्याच वर्षी अव्हेलेबिलिटी 80 च्या वर. म्हणूनच दोन रकाने लागतात. यंत्र तयार होतं, जेवण अर्धं होतं. सप्टेंबर 2008 मध्ये अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुइंधन आणि तंत्र विकणाऱ्या देशांच्या गटाने, सूट दिल्यावर आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या भट्ट्यांना बाहेरचं युरेनियम मिळू लागलं. तारापूर 3-4 त्या देखरेखीखाली नाहीत, ती देशातल्या युरेनियमवरच चालतात.

एरवीही लोड कमी करायची वेळ येते. जड पाण्याच्या भट्टीत इंधन चालू भट्टीतच बदलतात. 540 च्या भट्टीत 392 आडव्या वाहिन्या आहेत. एका टोकाचं यंत्र इंधनाचे नवे बंडल आत सरकवतं, दुसऱ्या टोकाचं वापरलेले बाहेर घेतं. हे काम जवळजवळ रोजचं. ते यंत्र अडून बसलं तर भट्टी लगेच बंद पडत नाही, पण दिवसागणिक तिची ताकद उतरत जाते आणि लोड खाली आणावा लागतो. कागदावर अव्हेलेबिलिटी 100 आणि कपॅसिटी घसरलेली.

आता शून्य. दोन-अडीच वर्षांतून एकदा युनिट मुद्दाम बंद करतात, त्याला आम्ही बीएसडी, म्हणजे बायेनियल शटडाउन, म्हणायचो. स्टीम जनरेटरच्या नळ्या, कूलंटच्या वाहिन्या, टर्बाइन, सगळं उघडून तपासायचं. त्या महिन्याचा आकडा शून्य किंवा शून्याजवळ. पण केंद्रात सर्वांत जास्त माणसं, सर्वांत जास्त काम आणि सर्वांत कमी झोप त्याच महिन्यात असते. प्रत्येकाच्या छातीला किरणोत्सर्ग मोजणारा डोसिमीटर, आणि कोण आत किती मिनिटं राहिला याचा हिशेब. त्या मुलीला माझ्याकडून सांगा, शून्यापुढे 'नियोजित' लिहिलेलं असेल तर तो नापासाचा नाही, परीक्षेचा महिना असतो.

तारापूरच्या 1 आणि 2 चं शून्य मात्र वेगळं वाचायला हवं. ती 28 ऑक्टोबर 1969 पासूनची, अमेरिकी बनावटीची, साध्या उकळत्या पाण्याची युनिटं. त्यांना इंधन भरायचं तर बंदच करावं लागतं. शिवाय 2020 मध्ये ती मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केली, त्यामुळे पुढचे कितीतरी महिने ओळीने वीज नाही. आणखी एक गोष्ट: ती मुळात 210 मेगावॅटची होती, नंतर क्षमता उतरवून 160 केली. म्हणजे भागायची संख्याच बदलली. जुने-नवे टक्के एका आलेखावर ठेवताना हे मुलांकडूनच शोधून घ्या, त्यांना मजा येईल.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण कैगाचं. कर्नाटकात कारवारच्या आतल्या बाजूचं, 220 मेगावॅटचं पहिलं युनिट 13 मे 2016 ला सुरू झालं ते 31 डिसेंबर 2018 पर्यंत, 962 दिवस, न थांबता चाललं. इतके दिवस सलग तोवर जगात कुठलीच अणुभट्टी चालली नव्हती. ती बातमी आली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. घरात एकटाच होतो, तरी उठून उभा राहिलो.

फेज_न्यूट्रल
दिवे का जातात याचं मी सांगतो, उपकेंद्रात नोकरी केली आहे. तारापूरची वीज गावाला वाटली जात नाही, ती 220 आणि 400 केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लाइनांनी पश्चिम ग्रिडमध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या एकत्र वीजजाळ्यात, जाते, आणि तिथून महाराष्ट्र, गुजरात अशा राज्यांना ठरलेला वाटा. तुमच्या घरात येते ती 11 केव्हीच्या फीडरवरून, म्हणजे गावाकडे येणाऱ्या लाइनवरून, गावच्या डीपीमधून. चिकूची फांदी तारेवर आली, जंपर तुटला, पावसात इन्सुलेटर फुटला की फीडर बसतो. त्या वेळी तारापूर 100 टक्क्यांवर असलं तरी तुमच्याकडे अंधारच. मुलांना हायवेशेजारच्या गावाचं सांगा: रस्ता दारातून जातो, पण त्यावर चढायची वाट तुटलेली असते. ही वाट दुरुस्त व्हायला हवी, हे त्यांचं म्हणणं मात्र रास्तच आहे.

रानजाई
रास्त आहे म्हणालात, हे मी वर्गात वाचून दाखवेन. सर, शेवटचं राहिलं, 100 च्या वर कसं जातं?

जुना_पाळीवाला
समुद्रामुळेच. भट्टीच्या उष्णतेतला जेमतेम तिसरा भाग वीज होतो, बाकी दोन भाग कंडेन्सरमधून समुद्रात जातात. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं, व्हॅक्यूम चांगला बसतो, आणि तेवढ्याच उष्णतेत टर्बाइन थोडी जास्त वीज देते. मे महिन्यात पाणी कोमट, तेव्हा आकडा थोडा खाली. आम्ही पॅनेलवर व्हॅक्यूम बघून सांगायचो, बाहेर थंडी पडली म्हणून.

मुलांना आलेखावर समुद्राचं तापमानही घ्यायला लावा. तुमच्याकडे किनारा आहेच. दर रविवारी एकाच वेळी, सकाळी सातला, भरतीच्या बाजूचं पाणी घ्या. ओहोटीला किनाऱ्यावर साचलेलं नको, ते उन्हाने तापतं. बादलीला दोरी बांधून धक्क्यावरून काढा, मुलांना पाण्यात उतरवू नका. पावसाळ्याचे रविवार कोरे सोडले तरी चालतील. थर्मामीटर बादलीत दोन मिनिटं ठेवून, बाहेर न काढता वाचायचा.