डॉक्टरला दिलेल्या पेनाने औषध बदलतं का? बदलतं, मी नऊ वर्षं मोजत होतो

माजी_एमआर

नमस्कार मंडळी. परवा एका कौटुंबिक कार्यक्रमात ओळखीचे डॉक्टर भेटले, औषध कंपन्यांचा विषय निघाला तर ते भडकलेच, म्हणाले आम्ही काय एका पेनासाठी विकले जातो का. त्यांचा राग खरा होता, माणूस पण सरळ आहे, म्हणून तिथे काही बोललो नाही. इथे बोलतो.

मी सांगली-इस्लामपूर-विटा पट्ट्यात नऊ वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. कंपनीचं नाव घेणार नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं. लोकांना वाटतं एमआर म्हणजे बॅग घेऊन दवाखान्याबाहेर ताटकळणारा माणूस. ते अर्धंच काम. उरलेलं काम दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये असतं, त्याला आरसीपीए म्हणतात. रात्री नऊनंतर गिऱ्हाईक पांगलं की काउंटरच्या आतल्या बाजूला जाऊन उभं राहायचं आणि मेडिकलवाल्याकडून काढून घ्यायचं की वरच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर आपला ब्रँड आठवड्याला किती स्ट्रिप गेला, शेजारच्या कंपनीचा किती गेला. ते वहीत उतरवायचं, मग ॲपवर भरायचं, आणि महिनाअखेरच्या मीटिंगला साहेब प्रत्येक डॉक्टरचं नाव घेऊन विचारणार, "याच्यावर खर्च केला, कन्व्हर्शन कुठाय?"

एक उदाहरण सांगतो. एक डॉक्टर होते, कोणाकडून पाच पैसे न घेणारे. परदेशवारी नाही, पाकीट नाही, जेवणसुद्धा नाही. आमच्या डायरीत डॉक्टरचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलांच्या यत्ता असे रकाने असायचे. त्यांच्या मुलीचा दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी केक आणि पेढे घेऊन घरी गेलो. घरातल्या सगळ्यांना इतका आनंद झाला की मला जेवायला बसवलं. औषधाचं नावसुद्धा काढलं नाही मी. आमची ॲसिडिटीची एक कॅप्सूल होती, त्यांच्याकडून आठवड्याला दहा-अकरा स्ट्रिप निघायच्या, पुढच्या महिन्यात तीसच्या वर गेल्या. ॲसिडिटी काय गावात तिप्पट झाली नव्हती. दोन दिवसांची अंगदुखीची गोळी दिली तरी सोबत आमची कॅप्सूल लिहिली जायला लागली, एवढंच. आणि त्या डॉक्टरला आजही शपथेवर वाटत असेल की आपण कोणाचं काही घेतलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की डॉक्टर विकला जात नाही, तो माणूस असतो आणि माणसाला उपकार लक्षात राहतात, कंपन्यांचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. कुठल्या डॉक्टरवर काय खर्च झाला आणि बदल्यात किती स्ट्रिप आल्या हे कंपनीला माहीत असतं. मग जो पेशंट त्या स्ट्रिपचे पैसे भरतो त्याला का माहीत नको? अमेरिकेत 2010 साली कायदा झाला आणि आता कुठल्या डॉक्टरला कुठल्या कंपनीने किती डॉलर दिले, अगदी जेवणाचे सुद्धा, ते सरकारी वेबसाइटवर कोणीही बघू शकतं. आपल्याकडे तसा कायदा पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तालुक्याचा_डॉक्टर

तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय म्हणून उत्तर देतो, पण मला हे अजिबात पटलेलं नाही.

मी तालुक्याच्या गावी 22 वर्षं प्रॅक्टिस करतोय. रोज 70-80 पेशंट, रात्री-अपरात्री फोन. एमबीबीएस झाल्यापासून नवीन औषधांबद्दल सरकारने मला एक पान पाठवलेलं नाही. जे सांगायला येतात ते एमआर. त्यातले कितीतरी चांगले अभ्यास करून येतात, मी प्रश्न विचारतो आणि त्यांना उत्तर देता आलं नाही तर ते औषध मी लिहीत नाही. तुमच्या केकवाल्या डॉक्टरांचं म्हणाल तर कदाचित तोवर त्यांना तुमच्या कॅप्सूलचा रिझल्ट बरा वाटला असेल, हे तुम्ही धरलंच नाही.

आणि नावांची यादी लावायची म्हणता, उद्या माझं नाव 800 रुपयांच्या जेवणासमोर छापलं की गावात कोण तपशील वाचणार? "डॉक्टर कंपनीचे पैसे खातो" एवढंच पसरणार. आधीच दवाखाने फुटतायत, मारहाण होतेय. कॉर्पोरेट हॉस्पिटलवाल्याला काही फरक पडणार नाही, मरेल तो एकट्याने दवाखाना चालवणारा.

ब्रँड लिहितो ते क्वालिटीसाठी. जेनेरिकच्या नावाखाली कुठला माल येतो याची खात्री मला कोण देणार? ऑगस्ट 2023 ला एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहिलंच पाहिजे असा नियम आणला आणि त्याच महिन्यात स्थगित केला, तो उगाच नाही.

ताळेबंद

मी सीए आहे, डॉक्टरांची आणि दोन छोट्या औषध कंपन्यांची कामं बघतो, म्हणून पैशाच्या बाजूने थोडं.

डॉक्टरांनी भेटी घ्यायच्या नाहीत हा नियम मेडिकल कौन्सिलने डिसेंबर 2009 मध्येच केला. पण तो डॉक्टरला लागू, देणाऱ्या कंपनीला नाही. त्यामुळे कंपन्या काय करायच्या, वाटलेल्या वस्तू धंद्याचा खर्च म्हणून दाखवायच्या आणि वर टॅक्समध्ये सूट मागायच्या. झिंकोव्हिट बनवणाऱ्या एपेक्स लॅबोरेटरीजची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. त्यात फ्रिज, टीव्ही, लॅपटॉप, सोन्याची नाणी असल्या भेटींचा उल्लेख आहे. 22 फेब्रुवारी 2022 ला कोर्टाने सांगितलं की घेणाऱ्याला जे बेकायदा आहे ते देणाऱ्याला खर्च म्हणून मिळणार नाही, आणि या भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीतून पेशंटच भरतो. हे दुसरं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तोवर सगळे "आमच्या पैशाने आम्ही देतो" असंच बोलायचे.

त्याच वर्षी जुलैमध्ये डोलो 650 वाल्या मायक्रो लॅब्सवर धाडी पडल्या, इन्कम टॅक्सने 1000 कोटींच्या आसपास फ्रीबीज, म्हणजे डॉक्टरांना वाटलेल्या फुकट भेटी असल्याचं म्हटलं. इथे एक सांगतो, तो आकडा कंपनीच्या सगळ्या मालाचा मिळून आहे, एकट्या डोलोचा नाही, व्हॉट्सॲपवर उलटं फिरलं. कंपनीवर टीका करायचीच तर बरोबर आकड्याने करूया.

मुक्ता_नगर

डॉक्टरसाहेब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी पेशंटच्या घरातून बोलतेय.

आईला शुगर आणि बीपी. गेल्या वर्षी डॉक्टर बदलले तर चिठ्ठीवर नऊ औषधं झाली. दोन निरनिराळी जीवनसत्त्वं, एक प्रोटीन पावडर, एक लिव्हरचं सिरप. आईचं लिव्हर उत्तम आहे, रिपोर्ट घरात आहेत. आणि यातलं बरंचसं फक्त त्यांच्या खालच्या मेडिकलमध्येच मिळायचं, आम्ही चार दुकानं फिरलो, कोणी नावच ऐकलेलं नाही. आई पेन्शनमधून भरायची आणि मला सांगायची नाही. शेवटी तिने पैसे पुरवायला बीपीची गोळी दिवसाआड घ्यायला सुरुवात केली! पावडर रोज आणि बीपीची गोळी दिवसाआड, कारण पावडर महाग म्हणजे जास्त गुणाची असणार असा तिचा हिशोब. हे कळलं त्या रात्री मी झोपले नाही.

मला नाही वाटत ते डॉक्टर वाईट होते. पण त्या पावडरमागे कोण होतं हे मला माहीत असतं तर मी निदान प्रश्न तरी विचारला असता.

आणि एमआरकडून माहिती मिळते म्हणालात ना, अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन या दुखण्यावरच्या गोळीचं तेच झालं. 1996 पासून पर्ड्यू फार्माचे लोक डॉक्टरांना सांगत फिरले की या गोळीचं व्यसन लागायचा धोका कमी आहे. डॉक्टरांनी विश्वासाने लिहिलं. 2007 साली कंपनीने कोर्टात कबूल केलं की दिशाभूल केली, 60 कोटी डॉलर भरले, पण तोवर किती घरं गेली. तिथले सगळे डॉक्टर लाचखोर नव्हते हो, तुमच्यासारखेच दमलेले होते, समोर जो माणूस छान बोलून सांगायचा त्याचं ऐकायचे.

काउंटरवाला

मेडिकल आहे माझं, 15 वर्षं. दोन्हीकडचं थोडं थोडं खरं आहे.

मुक्ताताई म्हणतात ती खालच्याच मेडिकलमध्ये मिळणारी औषधं, त्याला आम्ही प्रोपगंडा माल म्हणतो. एका डॉक्टरपुरता चालणारा ब्रँड. तो माल ठेवला नाही तर चिठ्ठी परत जाते, ठेवला आणि डॉक्टरने दोन महिन्यांनी ब्रँड बदलला तर एक्स्पायरी माझ्या गळ्यात.

पण जेनेरिक म्हणजे स्वस्त हे पण डोक्यातून काढा. जनऔषधी दुकान सोडलं तर साध्या मेडिकलमध्ये जे जेनेरिक येतं त्याच्या स्ट्रिपवर 100 रुपये छापलेले असतात आणि आम्हाला ती 15-20 रुपयाला पडते. ज्याची नियत चांगली तो पेशंटला 40 ला देतो, बाकीचे 90 ला देऊन वर उपकार केल्यासारखं दाखवतात. डॉक्टरने नुसतं औषधाचं नाव लिहिलं तर कुठली कंपनी द्यायची हे मी ठरवणार, म्हणजे मग कंपन्या डॉक्टरला सोडून माझ्या मागे लागणार. याचा विचार करा.

माजी_एमआर

काउंटरवाले दादा, ही गोष्ट शंभर टक्के खरी, छापील किमतीवर कोणी हात घातल्याशिवाय नुसत्या जेनेरिकच्या सक्तीने काही होणार नाही. म्हणून तर मी जेनेरिकची मागणी केली नव्हती, उघड यादीची केली.

डॉक्टरसाहेब, क्वालिटीची भीती मला मान्य आहे. पण मोठा ब्रँड म्हणजे क्वालिटी हे रॅनबॅक्सीने खोटं ठरवलं. त्यांच्याच दिनेश ठाकूर यांनी आतली माहिती बाहेर काढली आणि 2013 मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून 50 कोटी डॉलर भरले. आपल्या देशातलं केवढं मोठं नाव होतं ते.

केकचं म्हणता तर त्याला माझ्याकडे पुरावा नाही, बरोबर. पण 2016 साली अमेरिकेत त्या उघड यादीवरूनच अभ्यास झाला, जवळजवळ 2 लाख 80 हजार डॉक्टरांचा. 20 डॉलरच्या आतलं एक जेवण घेतलेल्या डॉक्टरांच्यात त्या कंपनीचा महाग ब्रँड लिहायचं प्रमाण जास्त दिसलं.

तालुक्याचा_डॉक्टर

तो अभ्यास मी वाचलाय. त्यात संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही, असं अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच म्हटलंय. ज्याला तो ब्रँड आधीच आवडतो तोच त्यांच्या जेवणाला जाणार ना?

माजी_एमआर

जाणार, कबूल. पण जितकी जेवणं जास्त तितकं प्रमाण चढत गेलं, हे पण त्यातच आहे. आणि फायदा होत नसता तर आमच्या साहेबाने महिन्याला तेवढा खर्च मंजूर केला असता का? एका एका छत्रीचा हिशोब घेणारा माणूस होता तो.

ताळेबंद

मला वाटतं वाद डॉक्टर विरुद्ध एमआर असा होतोय आणि कंपनी बाजूला बसलीय. मार्च 2024 मध्ये सरकारने मार्केटिंगची नवी संहिता आणली. भेटवस्तू बंद, परदेशातल्या कॉन्फरन्स बंद, आठवणीखातर द्यायची वस्तू 1000 रुपयांच्या आत. मोडली तर तक्रार जाणार कंपन्यांच्याच संघटनेच्या कमिटीकडे, आणि जास्तीत जास्त काय तर संघटनेतून काढणार.

पहिली गाजलेली केस ॲबव्ही कंपनीची. 30 डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेलं, 1 कोटी 91 लाखांचा खर्च. डिसेंबर 2024 मध्ये सरकारी समितीने कंपनीला समज दिली, टॅक्सचं बघायला आयकर खात्याला सांगितलं, आणि डॉक्टरांवर कारवाई करा म्हणून एनएमसीला कळवलं. म्हणजे घेणाऱ्याचं लायसन्स धोक्यात, देणाऱ्याला समज. डॉक्टरांच्या अंगाला लागतं ते याचसाठी, आणि तिथे मी त्यांच्या बाजूने आहे. कंपनीवर दंडाचा कायदा झाल्याशिवाय नुसती डॉक्टरांची यादी लावणं एकतर्फी होईल.

मुक्ता_नगर

दोन्ही एकत्र का नको? कायदा व्हायला दहा वर्षं लागतील, तोवर आईसारख्यांनी काय करायचं?

तालुक्याचा_डॉक्टर

मुक्ताताई, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी औषधं कुठली आणि कशाची हे सांगतो, पण परवडतात का हे दर वेळी विचारतोच असं नाही. आजपासून विचारीन.

यादीला मात्र अजूनही माझा विरोध आहे, कारण वर दिलंय.

एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे. आरसीपीएचं ऐकून होतो, पण नावानिशी स्ट्रिप मोजतात हे इतकं बारीक माहीत नव्हतं. काल रात्री दवाखाना बंद केल्यावर खाली मेडिकलमध्ये गेलो आणि सरळ विचारलं, माझ्या चिठ्ठ्यांचा हिशोब कोण घेऊन जातं. मुलगा आधी गडबडला, मग म्हणाला आठवड्याला पाच-सहा जण येतात सर, तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. त्यातले तीन जण माझ्यासमोर बसून चहा पितात. गेल्या महिन्यात त्यातल्याच एकाने माझ्या वडिलांच्या ऑपरेशनला रक्त दिलं. आता तो परत आला की मी त्याच्याशी कसा बोलू हे मला कळत नाहीये. त्या मुलाला सांगितलंय, उद्यापासून कोणाला वही दाखवायची नाही.

काउंटरवाला

सर, चांगलं केलंत. पण तो मुलगा नाही म्हणाला तर ते स्टॉकिस्टकडून, म्हणजे आम्हाला माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याकडून आकडे काढतात. तुमच्या खाली एकच मेडिकल असेल तर तिथे गेलेला माल म्हणजे तुमचाच माल.

माजी_एमआर

हो, आम्ही तसंच करायचो. आणि सर, ज्याने रक्त दिलं त्याने मनापासून पण दिलं असेल. मी पण एकदा दिलंय. पण त्या रात्री ॲपवर ते डॉक्टरची भेट घेतली म्हणून नोंदवलं होतं, हे अजून माझ्या मनातून जात नाही.