उत्तर: क्यूओएस चालू केल्यावर आवाज जास्तच तुटतोय

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३७५० या नेटवर्क स्विचवर क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) चालू केल्यापासून आयपी फोनचा आवाज उलट जास्त तुटतोय म्हणताय, तर त्यात नवल नाही. त्या जुन्या स्विचवर 'एमएलएस क्यूओएस' ही कमांड दिली की सगळे पोर्ट अनट्रस्टेड होतात, म्हणजे आलेल्या पॅकेटवरच्या खुणेवर विश्वास ठेवत नाहीत, आणि फोनने आवाजाच्या पॅकेटवर लावलेला डीएससीपी (अग्रक्रमाची खूण) ४६ थेट ० होतो. आधीच्या उत्तरात सुचवलेलं 'ट्रस्ट कॉस' (इथरनेट फ्रेमवरच्या कॉस या अग्रक्रमाच्या आकड्यावर विश्वास ठेवणं) अर्धंच काम करेल: कॉसवरून डीएससीपी ठरवणाऱ्या मूळ मॅपमध्ये कॉस ५ म्हणजे डीएससीपी ४०, ४६ नव्हे. तो मॅप बदला, किंवा अपलिंकवर (बाकीच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या पोर्टवर) सरळ डीएससीपी ट्रस्ट करा. नुसत्या पीसीच्या पोर्टवर मात्र ट्रस्ट नकोच; कुणी हुशार माणूस डाउनलोडला ४६ लावून व्हॉइसच्या रांगेत घुसवेल. नव्या कॅटॅलिस्ट ९३०० वर हा घोळ नाही, तिथे आलेलं मार्किंग मुळातच जपलं जातं.