बी-२०३ चं अमेरिकन कॉफी मशीन आणि ग्रुपवरचा रविवार

बी-२०३ वहिनी: सुप्रभात मंडळी. कोणाकडे ड्रिप कॉफी मशीन आहे का? आमचे चिरंजीव अमेरिकेतून येताना घेऊन आले, ओट्यावर ठेवलं आणि सुट्टी संपली म्हणून परत गेले. प्लगची पिन आपल्या बोर्डात बसत नाही, एवढंच मला कळलंय.

ए-२०१ अप्पा: वहिनी, चहानं पातेलं शे ना घरमा? मंग कसाले एवढी खटपट 😄

सी-३०२: वहिनी, पिनचा अडॉप्टर आणून लगेच लावू नका. मशीन उलटं करा, तळाला स्टिकर असेल. त्यावर व्होल्ट किती आहेत बघा.

बी-२०३ वहिनी: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ९०० वॅट.

ए-१०४ नाना: हात लावू नका त्याला!! आपल्याकडे २३० व्होल्ट आहे. व्होल्टेज दुप्पट झालं की हीटरची पॉवर दुप्पट नाही होत, चौपट होते. ९०० वॅटचं मशीन ३३०० च्या आसपास ओढायला जाईल. नशीब असेल तर आतला थर्मल फ्यूज उडेल, नाहीतर धूर. दुकानात मिळतो तो अडॉप्टर नुसता पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज तेवढंच राहतं. तुम्हाला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, २३० चे ११० करणारा, १५०० व्हीएचा घ्या (व्हीए म्हणजे तो किती लोड ओढू शकतो त्याचं माप). १००० चाही ओढेल, पण हीटरच्या लोडला काटोकाट घेऊ नये. वजनदार असतो, ओट्यावर जागा करून ठेवा. कॉफी झाली की ट्रान्सफॉर्मरचंही बटण बंद करायचं, नाहीतर रिकामाच गुणगुणत बसतो आणि मीटर फिरवतो.

बी-२०३ वहिनी: बरं झालं विचारलं. नाना, त्याला घड्याळ पण आहे. रात्री सकाळचे ६ लावून झोपायचं, उठलो की कॉफी तयार, असं मुलगा सांगत होता.

ए-१०४ नाना: ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते ते तसंच राहतं. तिकडे ६०, इकडे ५०. आत क्वार्ट्झचं, म्हणजे स्वतःच्या स्फटिकावर चालणारं घड्याळ असेल तर प्रश्न नाही. पण लाइनच्या हर्ट्झवर चालणारं घड्याळ असेल तर ते आपल्याकडे तासाला १० मिनिटं मागे पडतं. रात्री १० ला बरोबर लावलं, तर तुमची ६ ची कॉफी सुरू होईल ७ वाजून ३६ मिनिटांनी.

ए-२०१ अप्पा: नाना, मशीनले बी पॅसेंजर गाडीनी सवय लागी गई का भो?

ए-१०४ नाना: अप्पा, मी लोको शेडला होतो, टाइमटेबलला नव्हतो. भुसावळचं इंजिन वेळेवरच बाहेर पडायचं.

अ‍ॅडमिन: एमएच १९ ची पांढरी स्कूटर गेटमध्ये आडवी लागलीय. टँकर येतोय, ज्यांची असेल त्यांनी काढावी. चर्चा चालू द्या.

बी-१०२ काकू: विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. आमच्याकडे इथलंच २३० चं मशीन आहे, मुलीने दिलेलं. पण कॉफी इतकी पांचट होते की ह्यांनी नाव टाकलंय. ६ कपांच्या खुणेपर्यंत पाणी, २ चमचे पावडर, मग वरून अर्धा कप दूध. पाण्याच्या टाकीत थेट दूधच घातलं तर घट्ट होईल का?

सी-३०२: काकू, दूध नको! एक वेळ कॉफी घालू नका, पण टाकीत दूध घालू नका.

या मशीनमध्ये पंप नसतो. टाकीतलं पाणी खाली एका नळीत उतरतं, त्या नळीला चिकटून हीटर असतो. पाणी उकळायला लागलं की वाफेचे बुडबुडे होतात. मागे जायला वाट नसते, कारण तिथे एकाच बाजूने उघडणारा व्हॉल्व्ह असतो. मग ते बुडबुडे गरम पाण्याला वर ढकलतात आणि ते पावडरवर थेंब-थेंब पडतं. तो जो गुडगुड आवाज येतो ना, ते हेच. खाली भांडं गरम ठेवणारी तबकडीसुद्धा बहुतेक मशीनमध्ये त्याच हीटरवर तापते. आता त्या नळीत दूध गेलं तर करपून आत चिकटणार, आणि ती नळी उघडून घासता येत नाही. दुसऱ्या दिवशी वास काय येईल ते तुम्हीच ठरवा.

पांचटपणाचं कारण दूध नाही, माप आहे. भांड्यावरचा कप म्हणजे आपला कप नव्हे, बहुतेक कंपन्यांचा तो १२५ ते १५० मिलीचा असतो. ६ कपांची खूण म्हणजे पाऊण ते एक लिटरच्या मध्ये कुठेतरी. १ लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पावडर लागते. तुमचे २ चमचे भरतील १०-१२ ग्रॅम. अर्धा लिटर पाणी घ्या आणि ३० ग्रॅम काट्यावर मोजून घाला. चमच्याच्या भरवशावर राहू नका, कोणाचा चमचा शिगोशीग असतो, कोणाचा सपाट.

बी-१०२ काकू: ३० ग्रॅम?! अहो, महिन्याची कॉफी आठवड्यात संपेल.

सी-३०२: संपेल. ड्रिपची कॉफी पावडर खाते, त्यात कंजुषी चालत नाही.

बी-१०२ काकू: बरं, करून बघते आत्ताच.

ए-२०१ अप्पा: फॉरवर्ड: रोज सकाळी काळ्या कॉफीत लिंबू पिळून प्या, सात दिवसांत पोट सपाट…

अ‍ॅडमिन: अप्पा, फॉरवर्ड नको. नियम सगळ्यांना सारखा.

बी-१०२ काकू: अहो, ओट्यावर पूर आला!! वरच्या जाळीतून सगळं उतू जातंय, मिक्सरखाली गेलं, पोळ्यांचा डबा भिजला. मशीन बिघडलंय हे नक्की.

सी-३०२: आधी बटण बंद करा. भांडं मशीनखालून काढलं होतं का मध्येच? काहींत भांडं काढलं की थेंब थांबवणारी झडप असते, वरून पाणी मात्र येतच राहतं.

बी-१०२ काकू: नाही हो, हातही लावला नाही.

डी-४०१: काकू, पावडर कोणती आहे? पाकिटाच्या मागे वाचा बरं, चिकरी किती टक्के लिहिलीय?

बी-१०२ काकू: थांब, चष्मा आणते. कॉफी ५३ टक्के, चिकरी ४७ टक्के.

डी-४०१: तेच. मी धारवाडची, आमच्याकडे रोज हीच पावडर. पण ती पितळी फिल्टरसाठी दळलेली असते, बारीक. त्यात अर्धी चिकरी, म्हणजे भाजलेलं मूळ. ते पाण्यात फुगतं, चिकट होतं आणि कागदाची किंवा जाळीची छिद्रं बुजवतं. फिल्टरमधून पाणी उतरत नाही आणि मशीनला ते कळत नाही, ते वरून ओतत राहतं. तुम्ही २ चमचेच घालत होतात म्हणून आजवर निभावलं, ३० ग्रॅम घातल्यावर तुंबलं. मशीन चांगलं आहे.

बी-१०२ काकू: मग पितळी फिल्टरमध्ये कसं नाही तुंबत?

डी-४०१: तिथे घाईच नसते. गरम पाणी घालायचं, झाकण लावायचं आणि आंघोळीला जायचं. खाली उतरतं ते थोडं आणि दाट. त्यातलं दोन-तीन चमचे डिकॉक्शन आणि कपभर उकळतं दूध, अशी ती कॉफी. दुधाला पुरून उरावी म्हणूनच ती तशी करतात. ड्रिप मशीन त्याच्या उलट, ते प्यायला तयार पातळ काळी कॉफी देतं. त्यात अर्धा कप दूध ओतलं की पांचट होणारच, ३० ग्रॅम घातली तरी. माझं स्पष्ट मत सांगू? काकांना दुधाची कॉफी आवडत असेल तर मशीन मुलीला परत द्या आणि माझ्याकडून फिल्टर न्या. काळी प्यायची असेल किंवा चमचाभर दुधाची, तरच मशीन.

सी-३०२: ताईंशी पूर्ण सहमत. मी स्वतः काळी पितो म्हणून माझ्याकडे मशीन आहे. पावडर विना-चिकरी, आणि दळण जाड रव्याइतकं. ऑनलाइन मागवताना 'ड्रिप' किंवा 'पोअर-ओव्हर' असा पर्याय निवडायचा, 'साउथ इंडियन फिल्टर' नाही. चिकमंगळूर, कूर्ग, अराकू, कुठलीही चालेल, फक्त पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. आणि बाटलीतली इन्स्टंट या मशीनमध्ये घालू नका, ती नुसती विरघळून खाली जाते. त्याला मशीन कशाला, पातेलं बस झालं.

बी-१०२ काकू: काळी मीच पिणार. डॉक्टरांनी साखर-दूध कमी करायला सांगितलंय, कोलेस्टेरॉलही वाढलंय. कॉफी चालेल ना?

सी-३०२: चालेल का ते डॉक्टरांनाच विचारा. एवढं मात्र खरं की जाळीपेक्षा कागदी फिल्टर बरा. कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक असतो, तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. कागद तो बऱ्यापैकी अडवतो, स्टीलची किंवा नायलॉनची जाळी तेवढं अडवत नाही. कागद घेताना आपलं मशीन शंकूच्या आकाराचं आहे की सपाट तळाचं ते बघून घ्या, एकाचा दुसऱ्याला बसत नाही.

ए-२०१ अप्पा: कागद कसाले इकत लेवा? कापूसना जिल्हा शे आपला. मांजरपाटना तुकडा लावा.

सी-३०२: अप्पा, हसण्यावारी नेऊ नका, कापडाचा फिल्टर खरंच चालतो. फक्त वापरल्यावर नुसत्या पाण्याने धुवायचा, साबण लावायचा नाही, अधूनमधून उकळायचा, नाहीतर त्यात तेल खवट होतं. कागदी फिल्टर तरी कुठे कारखान्यात सुचला? जर्मनीत ड्रेस्डेनला मेलिटा बेंट्झ नावाच्या बाईंनी पितळी भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात घातला आणि १९०८ मध्ये पेटंट घेतलं. विजेचं ड्रिप मशीनही जर्मनीचंच, १९५४ चं. अमेरिकेत ते घरोघरी पोचलं त्यानंतर, सत्तरच्या दशकात.

ए-१०४ नाना: पाण्याचं कोणी बोलत नाही. बोअरचं घालता का काकू?

बी-१०२ काकू: नाही, आरओचं. हे म्हणतात बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल गेली.

ए-१०४ नाना: बरोबर म्हणतात. आपल्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, माझ्या मीटरवर ८०० च्या पुढे जातो. मी गिझरची कॉइल काढली तेव्हा तिच्यावर बोटभर पांढरा थर होता, नखाने खरवडला तरी निघेना. मशीनची ती नळी करंगळीएवढी, ती किती दिवस टिकेल? कॉफी उतरायला वेळ लागायला लागला, पाण्यापेक्षा वाफच जास्त यायला लागली, की समजा आत क्षार धरलेत.

सी-३०२: आणि नुसतं आरओही नको. त्याने मशीन टिकतं, पण कॉफी बेचव लागते, कारण पाण्यात थोडे क्षार असले तरच चव नीट उतरते. साधारण १५० टीडीएस चांगला. मी वाघूर धरणाचं नळाचं पाणी आणि आरओ अर्धं-अर्धं करतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर रात्रभर उघडं ठेवतो.

बी-२०३ वहिनी: आणि नळीतले क्षार काढायचे कसे?

सी-३०२: किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. लिटरभर पाण्यात दीड-दोन मोठे चमचे विरघळवून टाकीत घाला, फिल्टर रिकामा. अर्धं पाणी उतरलं की मशीन बंद करा, अर्धा तास राहू द्या, मग उरलेलं उतरवा. त्यानंतर साध्या पाण्याने दोनदा चालवा. आंबट वास गेला की झालं.

ए-३०३: आमच्या ऑफिसात हेच मशीन आहे. सकाळची पहिली कॉफी छान असते, ११ ला तीच कडू जहर. का?

सी-३०२: तबकडीवर ठेवून-ठेवून. कॉफी तापत राहिली की तिच्यातले आम्लाचे घटक फुटतात, ती कडवट-आंबट होते. झाली की थर्मासमध्ये ओता आणि मशीन बंद करा. घरीही तेच करा. तेवढीच वीज वाचते.

ए-३०३: आणि लाइट गेली तर? इन्व्हर्टरवर चालतं का?

ए-१०४ नाना: नको रे भो. घरचा साधा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो. ९०० वॅटचा हीटर लावला की ओव्हरलोडची शिट्टी वाजवून बंद पडेल. वहिनींच्या मशीनला तर वर ट्रान्सफॉर्मर, तिथे विचारच करू नका.

बी-२०३ वहिनी: पण मे महिन्यात ४४-४५ डिग्रीला गरम कॉफी पिणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

डी-४०१: थंड करा की! पावडर तेवढीच ठेवायची आणि पाणी निम्म्याहून थोडं जास्त. जेवढं पाणी कमी केलं तेवढा बर्फ स्टीलच्या पातेल्यात घ्यायचा आणि गरम कॉफी त्यावर ओतायची. बर्फ वितळून माप पुरं होतं, कॉफी पाणचट होत नाही. बर्फ काचेच्या भांड्यात टाकून मशीनखाली ठेवू नका, खाली तबकडी तापलेली असते, काच तडकेल.

बी-१०२ काकू: ताई, मी संध्याकाळी तुमचा पितळी फिल्टर बघायला येते, ह्यांच्यासाठी. मशीन माझ्यासाठी ठेवते. तुंबलेली जाळी आत्ता धुतली, चिकरी खरंच शेवाळासारखी चिकटली होती.

बी-२०३ वहिनी: नाना, ट्रान्सफॉर्मर आणायला तुम्ही बरोबर याल का? दुकानदार मला काहीही देईल.

ए-१०४ नाना: उद्या १० नंतर जाऊ. ते तळाचं स्टिकर मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. आणि एक सांगून ठेवतो, ११० वर १२० चं मशीन थोडं मंदच चालेल, पाणी उतरायला जास्त वेळ घेईल. मग परत ग्रुपवर तक्रार नको.

डी-४०१: मी पावडर मागवतेय. ड्रिपचं दळण, चिकरी शून्य, २५० ग्रॅमची पाकिटं. उघडल्यावर महिनाभरात संपवायची, म्हणून किलोने घेऊ नका. कोणाला हवं असेल त्यांनी आज रात्रीपर्यंत सांगा.

सी-३०२: माझी २.

बी-१०२ काकू: माझं १.

ए-३०३: १.

ए-२०१ अप्पा: माले नको. कोणी बोलावलं तर ईसू.

अ‍ॅडमिन: पैशांचा हिशोब वैयक्तिक मेसेजवर करावा. आणि ती पांढरी स्कूटर अजून तिथेच आहे.