सांदवाडीतल्या माशांच्या टाक्यात डासांच्या अळ्या झाल्या, काय करावं?

सांदवाडीवाली (हिंगणघाटजवळ, जि. वर्धा)
नमस्कार. आमच्या सांदवाडीत (घरामागच्या वाडीत) विहिरीजवळ सिमेंटचं टाकं आहे. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, पाणी कमरेच्या थोडं खाली. आधी बैलांच्या पाण्याचं होतं, बैल विकल्यावर त्यात रोहू-कटला सोडले. बोटाएवढे आणले होते, आता वीतभर झाले. एका कोपऱ्यात कमळाची कुंडी बुडवून ठेवली आहे आणि जलपर्णी अर्ध्याच्या वर पसरली आहे. रोज सकाळी ढेप (पेंड) आणि कोंडा टाकते.

पोळ्यापासून पाहते तर कडेकडेनं, जलपर्णीच्या मुळ्यांपाशी अळ्या वळवळतात. माझी सावली पडली की सर्रकन खाली जातात, मग एकेक करून पुन्हा वर. गाळात लालभडक किडेही दिसले. गल्लीत दोघांना डेंग्यू निघाला आणि माझी पोरगी चार वर्षांची. सासूबाई म्हणतात, टाकं बुजवून टाक. मला बुजवायचं नाही. पण मासे असून अळ्या होतातच कशा?

कापूसवाला (यवतमाळ)
ताई, ट्रॅक्टरचं जळालेलं ऑइल वाटीभर टाकजा. डबक्यात आम्ही तेच टाकतो, अळ्या साफ.

निवृत्त आरोग्यसेवक (चंद्रपूर)
ताई, ऑइल, रॉकेल, फिनाईल यातलं काहीच टाकू नका. भाऊंचा उपाय मासे नसलेल्या गटाराच्या डबक्यापुरता. अळी शेपटाकडच्या नळीनं पाण्याच्या वर येऊन श्वास घेते, तेलाचा थर आला की ती गुदमरते. पण त्याच थरानं पाण्यात हवा मिसळणं थांबतं, आणि मग तुमचे मासेही मरतील.

आता तुमचा प्रश्न. मासे आहेत, पण अळ्या खाणारे नाहीत. रोहू मधल्या पाण्यात शेवाळ आणि झाडपाल्याचं खातो. कटला वरच्या पाण्यात, पण तोही नजरेला जेमतेम दिसणारे जीव गाळून घेतो, एकेक अळी टिपत बसत नाही. त्यात सकाळीच ढेपेनं पोट भरलेलं. आणि वीतभर मासा जलपर्णीच्या मुळ्यांच्या जाळीत शिरणार कसा? अळ्यांना तिथं घर मिळालं आहे.

म्हणून आधी जलपर्णी काढा. काठापासून हातभर पट्टी चारही बाजूंनी मोकळी ठेवा, फार तर एका कोपऱ्यात थोडी राहू द्या. काढलेली पाण्याजवळ ठेवू नका, खताच्या खड्ड्यात टाका. जलपर्णीनं पाणी झाकलं की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, तोही त्रास यानं कमी होईल. ढेप काही दिवस बंदच ठेवा. मासे उपाशी मरत नाहीत, टाक्यात खायला पुष्कळ असतं.

मग गप्पी मासे आणा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, बऱ्याच ठिकाणी गप्पी पैदास केंद्र असतं आणि मासे फुकट देतात. आशाताईंना सांगितलं तरी काम होतं. गप्पी बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, तोंड वरच्या बाजूला, त्यामुळे पाण्याच्या वरच्या थरात आणि कडेच्या फटीत तो फिरतो. अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, म्हणून संख्या वाढायला वेळ लागत नाही. पिशवी उघडून लगेच ओतू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाक्यात तरंगू द्या, पाण्याची ऊब सारखी झाली की सोडा. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी भरत असाल तर ते आधी एक दिवस उघडं ठेवा, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं.

गाळातल्या लाल किड्यांना हात लावू नका. ते डासांचे नाहीत, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या एका कीटकाच्या अळ्या आहेत आणि माशांना आवडतात.

गप्पी मिळायला वेळ लागला तर बीटीआय नावाची जिवाणूंची पावडर मिळते. ती डासांच्या अळीच्या पोटात गेली की अळी मरते, माशाला काही होत नाही. मात्र स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसत असतील तर ते खात नाहीत, त्यांच्यावर ती चालत नाही. ते चहाच्या गाळणीनं काढून सुक्या मातीत फेका.

एक सांगा. डास चावतो केव्हा? रात्री की दिवसा?

सांदवाडीवाली
काकाजी, दिवसाच जास्त. पोरगी दुपारी जमिनीवर खेळते तेव्हा पायाला. काळा डास, पायावर पांढरे पट्टे.

निवृत्त आरोग्यसेवक
मग डेंग्यूच्या डासाचा मुख्य अड्डा टाक्याबाहेर शोधा. तो एडिस. त्याला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं, आणि तेही बहुतेक वेळा छोट्या भांड्यात. टाक्यातल्या अळ्या बहुधा क्युलेक्स नावाच्या दुसऱ्या डासाच्या असतील, तो रात्री चावतो. तोही सोडायचा नाही, आपल्या वर्धा-चंद्रपूर पट्ट्यात हत्तीरोग त्याच्यामुळेच पसरतो.

पहिला संशय कूलरवर. उन्हाळा संपला की आपण कूलर व्हरांड्यात ढकलून ठेवतो आणि तळाशी पाणी राहतं. नुसतं ओतून भागत नाही. एडिस अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या जरा वर भिंतीला चिकटवतो. ती सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुढच्या वर्षी पाणी भरलं की फुटतात. म्हणून कूलर आतून काथ्यानं खसाखसा घासा, कूलरची जुनी ताटी (बाजूची गवताची जाळी) जाळून टाका. मग रांजण, फ्रीजच्या मागचा ट्रे, कोंबड्यांचं पाण्याचं भांडं, छतावरचं टायर. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी घासून कोरडी करा. गल्लीतल्या दोन्ही घरीही हे सांगा. एडिस फार लांब उडत नाही, तुमच्या घरचा डास शेजाऱ्याला आणि त्यांचा तुम्हाला चावतो.

भंडाऱ्याचा मासेवाला
काकाजींनी बरोबर सांगितलं, माझे दोन शब्द. कोणी गंबुशिया नावाचा मासा देत असेल तर घेऊ नका, तो दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लं फस्त करतो. टाक्यात मरळ किंवा मागूर टाकू नका, गप्पी उरणारच नाहीत. गप्पी टाक्यातच ठेवा, नाल्यात किंवा तलावात सोडू नका. आमच्याकडच्या मामा तलावांत (माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने तलाव) आपले देशी बारीक मासे आहेत, त्यांच्यात बाहेरचा मासा घालू नये.

आणि ताई, हंगामात कपाशीवर फवारलेला पंप त्या टाक्याजवळ कधीच धुऊ देऊ नका. सायपरमेथ्रीन या कीटकनाशकाचे थोडेसे थेंब गेले तरी मासे उलटे होतात.

सांदवाडीवाली
कूलरचं झाकण आत्ताच उघडलं. तळाशी दोन बोटं पाणी आणि अळ्या. सासूबाईंनी स्वतः पाहिल्या. पाणी अंगणात मातीवर ओतलं, काथ्या घेऊन बसल्या आहेत त्याच. जलपर्णी उद्या सकाळी काढते. आशाताईंना फोन केला, उपकेंद्रात गप्पी आहेत म्हणाल्या. पंप विहिरीवरच धुतात आमच्याकडे, ते आजपासून शेताच्या बांधावर.