मदत हवी आहे: फुगवटा नाही, पण सोनोग्राफीत हर्निया. ऑपरेशन करावं का?

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांना (वय ६३) उजव्या जांघेत दुखतं, विशेषतः जिना चढताना आणि खाली बसून उठताना. खोकताना किंवा उभं राहिल्यावर फुगवटा दिसत नाही, तपासणीत सर्जनच्या हातालाही लागला नाही. सोनोग्राफीत मात्र लहान इन्ग्वायनल हर्निया (जांघेत पोटाच्या भिंतीच्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर येणं) आहे असं लिहून आलंय.

एक सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून ऑपरेशन करून ती जागा झाकणारी जाळी बसवून घ्या. दुसरे म्हणतात, आधी एमआरआय करा, कारण हे दुखणं खुब्याच्या सांध्याचं किंवा स्नायूचंही असू शकतं. मला दुसरं म्हणणं जास्त पटतंय. जांघेतल्या हर्नियाच्या उपचाराबद्दल २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना वाचल्या. फुगवटा स्पष्ट असेल तर निदानाला हाताची तपासणी पुरते. शंका असेल तर आधी सोनोग्राफी, मग एमआरआय किंवा सीटी. ऑपरेशननंतर १० ते १२ टक्के रुग्णांना त्रासदायक दुखणं दीर्घकाळ राहतं, हेही त्यातच आहे. मूळ दुखणं हर्नियाचं नसेल तर जाळी बसवून काय उपयोग, ही माझी खरी काळजी आहे.

फक्त सोनोग्राफीत दिसलेल्या हर्नियाचं ऑपरेशन कोणी केलंय का? दुखणं थांबलं का? एमआरआयमुळे निर्णय बदलल्याचा कोणाचा अनुभव? एमआरआय करताना जोर लावायला, कुंथायला सांगतात का? ग्रुपवर कोणी सर्जन किंवा रेडिओलॉजिस्ट असतील तर कृपया सांगा. अचानक फुगवटा येऊन आत जाईना, उलट्या झाल्या, तर लगेच दवाखाना गाठायचा हे माहीत आहे.