कंबरदुखीसाठी कायरोप्रॅक्टरकडे न्यावं का? बाबांचा प्रश्न आहे

डिचोलीकर
नमस्कार मंडळी. बाबांची (वय ६४) कंबर चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधताना धरली ती अजून सुटली नाही, डाव्या पायात पोटरीपर्यंत चमक येते. एमआरआयमध्ये एल४-एल५ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज आलंय, म्हणजे मधली गादी थोडी बाहेर फुगलीय. डॉक्टरांनी गोळ्या आणि फिजिओ दिलंय, फरक आहे पण हळूहळू. आता भावाने कडकड आवाजाचे ते रील्स बघून किनाऱ्याकडचा एक कायरोप्रॅक्टर (हाताने झटका देऊन मणक्यांवर उपचार करणारा) शोधलाय, तो फोनवरच म्हणाला की मणका सरकलाय, मी बसवतो, पण २० सिटिंगचे पैसे आधी भरा. आई म्हणते त्यापेक्षा आपला हाडवैद्य बरा. बाबा दुखण्याने एवढे वैतागलेत की कुठेही यायला तयार आहेत. विश्वास ठेवावा का?

फिजिओ_पर्वरी
मी स्वतः फिजिओ आहे हे आधीच सांगते. न तपासता फोनवर मणका सरकलाय म्हणणारा माणूस मला पटत नाही. मणका खरंच सरकला असेल तर तो एक्स-रेत दिसतो आणि हाताने दाबून परत बसत नाही. तो कडकड आवाज सांध्यातल्या द्रवात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा, बोटं मोडताना येतो तोच. आणि बल्जचं एवढं टेन्शन नको, २०१५ च्या एका मोठ्या रिव्ह्यूत काहीही दुखत नसलेल्या साठीच्या लोकांतसुद्धा ६९ टक्क्यांना बल्ज सापडलं होतं.

पण सगळं थोतांड आहे असंही मी म्हणणार नाही. कमरेच्या मॅनिप्युलेशनवर (हाताने झटका देऊन सांधे हलवण्यावर) भरपूर ट्रायल झालेत, २०१९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या रिव्ह्यूप्रमाणे जुनाट कंबरदुखीत त्याचा फायदा व्यायामासारख्या बाकीच्या चांगल्या उपचारांएवढाच आहे. ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे सल्ले ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची २०१६ ची गाइडलाइन पण म्हणते की करायचं तर व्यायामासोबत करा, नुसतं नको. पायातली चमक बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळे २० सिटिंग संपेपर्यंत ज्याचं तसंही बरं होणार होतं त्याचं श्रेय कोणाला द्यायचं?

म्हापशेकार
मी दिल्लीला असताना केलंय, कंबरेसाठीच. टेबलावरून उठलो की एकदम मोकळं वाटायचं, खोटं कशाला बोलू, पण ते दोन-तीन दिवस टिकायचं. त्या दिवसांत चालणं आणि सांगितलेले व्यायाम जमायला लागले आणि खरा फरक त्यानेच पडला असं मला वाटतं. मानेला मात्र हात लावू देऊ नका!! झटका देऊन मान फिरवल्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस आहेत, क्वचित होतं पण होतं, आणि दुखतेय कंबर तर मान मोडायचं कारणच काय.

फोंड्याचा_वाचक
या पद्धतीचा जनक डी. डी. पामर, अमेरिकेत डेव्हनपोर्टला १८९५ मध्ये सुरुवात केली. हा आधी चुंबकीय उपचार करायचा आणि त्याचा पहिला दावा कंबरेचा नव्हताच, एका माणसाचं बहिरेपण मणका दाबून घालवलं असा होता. बहुतेक सगळे आजार मणक्यामुळे होतात असं तो म्हणे. आज बरेच कायरोप्रॅक्टर हे मानत नाहीत आणि फक्त पाठ-कंबरच बघतात, तसा भेटला तर ठीक. पण शुगर, दमा पण जाईल म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकला वेगळी सरकारी कौन्सिल पण नाही, म्हणून डिग्री कुठली ते तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही.

डिचोलीकर
खूप आभार सगळ्यांचे. दम्याचं नाव निघालं म्हणून विचारतो, बाबा दम्यासाठी बरीच वर्षं अधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्या घेतात, त्याचा काही संबंध?

फिजिओ_पर्वरी
आहे, आणि मोठा आहे, बरं झालं विचारलंत! स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात, अशा कंबरेला झटका दिला तर मणका पिचू शकतो. आधी डॉक्टरांना सांगून डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या, तोवर कायरो नको, हाडवैद्यही नको. सध्याचं फिजिओ सोडू नका, आणि थेरपिस्टला पण हे स्टिरॉइडचं सांगा. आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळं पडायला लागलं, तर सकाळची वाट न बघता रात्रीच गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीला न्या, त्यात तास महत्त्वाचे असतात.