प्रति: मागे हशा नाही म्हणून कोरड्या?

मागे प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित हशा ऐकू येत नसल्यामुळे यंदाच्या, म्हणजे २००९च्या नव्या अमेरिकन विनोदी मालिका कोरड्या वाटतात, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही बुवा. 'मॉडर्न फॅमिली'चा पहिलाच भाग घ्या. पोराने छर्‍याच्या बंदुकीने बहिणीला मारलं, म्हणून ठरल्याप्रमाणे बापाने त्यालाही मारायचं. आणि आईबाप कॅलेंडर बघून त्या शिक्षेसाठी मोकळा वेळ शोधताहेत! इथे मागून कुणी खिदळलं असतं तर सगळी मजाच गेली असती. शिवाय मालिकेतली तीन घरं एकाच कुटुंबातली आहेत, हे भागाच्या शेवटपर्यंत लपवलंय, तेही झकास.

'कम्युनिटी'त पदवी बोगस निघाल्याने पुन्हा कॉलेजात आलेला वकील जेफ आहे नायक, पण भाव खाऊन जातो तो त्याचा कॉलेजातला मित्र आबेद. 'द मिडल'मध्ये अभिनेत्री पॅट्रिशिया हीटनची आईच्या भूमिकेतली ओढाताण ओळखीचीच, तरी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं ते पसारा पडलेलं घर खरं वाटतं. 'कूगर टाउन'? नायिका कोर्टनी कॉक्ससाठी सोसली, बास.

एबीसी या अमेरिकन वाहिनीने बुधवारी चार नव्या विनोदी मालिका ओळीने लावल्यात. त्यातली अभिनेता केल्सी ग्रॅमरची 'हँक' सगळ्यात आधी गाशा गुंडाळणार, लिहून घ्या.